केबल काढून नऊ महिने: चित्र झकास, पण विकेट आधी खालच्या मजल्यावर पडते

रविवार, २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री, मॅच उशिरा दिसते म्हणून क्रिकेटच्या ॲपकडे नोंदवलेली माझी तक्रार 'सोडवण्यात आली आहे' असा मेसेज मंगळवारी सकाळी आला. घरी कुणी आलं नव्हतं, फोन आला नव्हता, काडीचाही बदल झाला नव्हता. मेसेजखाली पाचपैकी तारे द्यायची विनंती होती. तिथे नुसते तारे देता येतात, लिहायला जागा नाही. म्हणून इथे लिहितोय.

सेटअप बहुतेकांच्या घरी असतो तोच. ४३ इंची फोर-के टीव्ही, १०० एमबीपीएसचं ब्रॉडबँड, क्रिकेटच्या ॲपची वर्षाची वर्गणी. कंपन्यांची नावं घेत नाही, कारण ओळखीपाळखीत विचारलं तर कंपन्या वेगवेगळ्या आणि दुखणं एकच. मार्चमध्ये आयपीएलच्या तोंडावर केबल काढली. केबलचं बिल वेगळं, इंटरनेटचं वेगळं, आणि केबलवर क्रिकेट सोडून घरात कुणी काही बघत नव्हतं. मुलगी म्हणाली, "बाबा, एकच ठेवा ना." एकच ठेवलं.

टीव्हीच्या किमतीचं आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढे कुठेतरी मध्येच निघेल. २८,९९० ला घेतला. तेव्हा ३२ इंचांवरच्या टीव्हीला २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबरला १८ टक्क्यांवर आला. कागदावर हिशोब केला तर सव्वादोन हजारांच्या वर फरक पडतो. त्यात ॲपची वर्गणी भागून वर पैसे उरले असते. दुकानदाराला जाऊन ऐकवलं, तर तो म्हणतो, "साहेब, मधल्या काळात आयपीएल बघितली की नाही?" यावर काय बोलणार. त्याच दिवसापासून आयपीएलच्या तिकिटावरचा कर मात्र २८ चा ४० टक्के झाला. म्हणजे मी स्टेडियममध्ये जाऊ नये, घरीच बसावं, असं सरकारचंही मत दिसतंय.

चित्राबद्दल तक्रार नाही. बॉलची शिवण दिसते, पिचवरच्या भेगा दिसतात, स्लो-मोशनमध्ये बॅटवरून उडालेली धूळ दिसते. ज्यांनी ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर बॉल कुठे गेला ते फील्डर कुठे पळतोय यावरून ओळखलंय त्यांना याची किंमत कळेल. आवाज चांगला, मेनू बरा. पुढे चला.

आमच्या खालच्या मजल्यावर अण्णा राहतात. रिटायर्ड मास्तर. त्यांच्याकडे अजून केबल आहे, आणि वर्गावर ओरडायची सवय अजून गेलेली नाही. मार्चअखेरच्या एका मॅचच्या शेवटच्या दोन ओव्हर्स चालू होत्या. आमच्याकडे बॉलर रनअपच्या टोकाला उभा राहून बॉल पँटला घासतोय, तेवढ्यात खालून आवाज आला, "गेला रे गेला!" आता गेला म्हणजे सिक्स गेला की बॅट्समन गेला, एवढाच काय तो सस्पेन्स. सिक्स होता.

पहिल्यांदा वाटलं, त्या दिवशी नेटचा काहीतरी प्रॉब्लेम असेल. मग रोजचंच झालं. मोबाईलचं स्टॉपवॉच लावून अण्णांचा ओरडा आणि आमच्याकडचा बॉल यातलं अंतर मोजलं. साधारण अर्धा मिनिट, कधी चाळीस सेकंद. एक ओव्हर व्हायला चारेक मिनिटं लागतात, म्हणजे अण्णा कायम माझ्या एक बॉल पुढे. मी पैसे मोजून फोर-केमध्ये जे बघतो ते अण्णांच्या पोह्याच्या बशीसमोर आधीच होऊन गेलेलं असतं.

ब्रॉडबँडवाल्यांचा पोरगा आला. मोबाईलवर स्पीड टेस्ट केली, स्क्रीन माझ्यासमोर धरली. "शंभरच्या प्लॅनला शहाण्णव येतंय काका. एक नंबर लाइन आहे तुमची."

"अरे, पण विकेट उशिरा पडते."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा राउटरकडे, आणि राउटर बंद करून चालू केला.

पोरगा मात्र चांगला होता. जाताना त्याने नीट समजावलं, नंतर मीही इकडेतिकडे वाचलं. केबल किंवा डिशचा सिग्नल उपग्रहावरून येतो. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर वर, पण सिग्नलला जाऊन यायला पाव सेकंद पुरतो. बाकी यंत्रांमधले काही सेकंद धरा. ॲपचं तसं नाही. तिथे चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याच्या मोबाईलसाठी, टीव्हीसाठी, मंद नेटसाठी अशा वेगवेगळ्या प्रती बनतात, त्या ठिकठिकाणच्या सर्व्हरवर जातात, आणि आपला टीव्ही त्यातले दोन-चार तुकडे आधी गोळा करून ठेवतो, मगच दाखवायला लागतो. हा साठा असतो म्हणून मध्येच ते गोल चाक फिरत नाही. साठा कमी करा, चाक फिरेल. म्हणजे हा बिघाड नाहीच, त्यांनी ते तसंच बनवलंय. स्पीड शंभरचा दोनशे करून उपयोग शून्य, हे मुद्दाम सांगतो, कारण कस्टमर केअर तुम्हाला नेमका तोच प्लॅन विकायला बघेल. वाय-फायऐवजी वायर लावा, ॲप बंद करून पुन्हा उघडा, 'लाइव्ह'वर दाबा, हे सगळं करून झालं. पाच-सात सेकंद मिळतात. अण्णा एक बॉल पुढेच.

घरचे म्हणतात, अर्ध्या मिनिटाने काय बिघडतं. बिघडतं. आमच्या वडिलांना आकाशवाणीवरच्या मराठी समालोचनाची गोडी बाळ ज. पंडितांनी लावली. वाड्यात टीव्ही आल्यावरही वडील त्याचा आवाज पूर्ण बंद करायचे आणि शेजारी ट्रान्झिस्टर लावायचे. चित्र दूरदर्शनचं, आवाज आकाशवाणीचा, आणि दोन्हींची गाठ बरोबर पडायची. आता ती चैन संपली. रेडिओवर विकेट पडलेली असते आणि आमच्या टीव्हीवर तो गडी अजून क्रीजवर बॅट आपटत उभा असतो. १९८७ च्या रिलायन्स कपाच्या, म्हणजे वर्ल्ड कपाच्याच, सेमी फायनलला वानखेडेवर इंग्लंडचा ग्रॅहम गूच स्वीप मारून मारून ११५ करून गेला, तेव्हा अख्खी गल्ली एकाच वेळी हळहळत होती. बस थांबली की पहिला प्रश्न 'स्कोअर काय?', आणि पानटपरीवाल्याकडे उत्तर तयार. आता ज्याच्या-त्याच्या हातात स्कोअर आहे, फक्त प्रत्येकाचा वेगळा आहे.

याचं उत्तम प्रात्यक्षिक ४ ऑगस्टला ऑफिसात झालं. लंडनच्या ओव्हल मैदानावरच्या टेस्टची शेवटची सकाळ, आपल्याकडे दुपारचे साडेतीन. इंग्लंडला ३५ हव्यात, चार विकेट हातात, त्यातला वोक्स खांदा निखळलेला. काउंटर चालू, पण ड्रॉवरमध्ये तीन मोबाईल. एकाचा फाइव्ह-जी, एकाचं ऑफिसचं वाय-फाय, एकाने नुसता स्कोअर उघडलेला. सिराज एकच, विकेट एकच, पण 'आउट!' तीनदा, तीन टेबलांवरून. स्कोअरवाला सगळ्यांत आधी ओरडायचा आणि शिव्या खायचा. शेवटी अॅटकिन्सनचा ऑफ स्टंप उडाला तोही आम्ही हप्त्याहप्त्याने साजरा केला.

पण त्याच दिवशी संध्याकाळी माझं मत पुष्कळ बदललं, तेही प्रामाणिकपणे नोंदवतो. घरी येऊन वडिलांसोबत तो पूर्ण तास पहिल्या बॉलपासून पुन्हा बघितला. केबलवर हायलाइट्स कधी लागतील याची वाट बघायची, त्यातही नुसते चौकार आणि विकेटा. इथे अख्खं सत्र, न कापता. एका हाताने बॅट धरून, दुसरा हात स्वेटरच्या आत बांधून वोक्स उतरला तेव्हा वडिलांनी मागे न्यायला सांगितलं. तो एक धाव पळताना कसा कळवळतो ते दोनदा बघितलं. म्हातारा गप्प बसला होता. सहा धावांनी मॅच, मालिका दोन-दोन. ज्याला टेस्ट क्रिकेटची आवड आहे आणि दिवसा नोकरी आहे त्याने एवढ्यासाठीसुद्धा वर्गणी भरावी. एकच काळजी घ्या: ॲप उघडल्या उघडल्या पहिल्याच चौकोनावर 'भारत ६ धावांनी विजयी' असं ठळक लिहिलेलं असतं. मी वडिलांना डोळे मिटायला सांगतो आणि स्वतः तिरकं बघत रिमोट दाबतो.

दुसरी जमेची बाजू म्हणजे आयपीएलचं मराठी समालोचन. २०२३ मध्ये ते मोबाईलवर आलं तेव्हा केदार जाधव त्या पॅनेलवर होता, आणि मोसम चालू असतानाच बंगळुरूने त्याला डेव्हिड विलीच्या जागी संघात घेतलं. माईक ठेवला आणि पॅड बांधले. यंदा घरात टीव्हीवर मराठी लावलं तेव्हा बायको पहिल्यांदा पूर्ण मॅच बसून बघायला लागली. वडिलांचा आक्षेप एवढाच की ही मंडळी बोलतात फार आणि फील्ड कुठे लावलीय ते सांगत नाहीत. रेडिओवर वाढलेल्या माणसाला गली आणि पॉइंट कानाने दिसावे लागतात, त्याला कोण काय करणार.

जाहिरातींचं मात्र विचारू नका. वर्गणी भरूनही आहेत. ओव्हर संपली की पानमसाला, विकेट पडली की ॲप, आणि कधीकधी परत येईपर्यंत पहिला बॉल टाकून झालेला. राग आला की मी एक हिशोब करतो. २०२२ च्या लिलावात आयपीएलच्या पाच मोसमांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. ४१० सामने धरले तर एका सामन्याचे ११८ कोटी, आणि चाळीस ओव्हर्सचे २४० बॉल धरले तर एका बॉलचे ४९ लाखांच्या घरात. वाइडचे वेगळे लावत नाहीत एवढी मेहेरबानी. हे पैसे कुठून तरी निघणारच. २०२३ ची आयपीएल मोबाईलवर फुकट होती, त्याच वर्षीचा वर्ल्ड कपही मोबाईलवर फुकट होता. आधी सवय लावली आणि मग बिल लावलं. हे मी तेव्हाच बोललो होतो, घरात कुणी मान्य करत नाही.

आता २ नोव्हेंबर. महिला वर्ल्ड कपची फायनल, नवी मुंबईला डी. वाय. पाटील स्टेडियमवर, समोर दक्षिण आफ्रिका. आम्ही सांगलीकर, म्हणजे स्मृती मानधना घरचीच. विजय हजारेही सांगलीचेच, पण ते सांगायला आता वडिलांच्या वयाचीच माणसं उरली. पावसाने दोन तास उशीर, मग आपल्या २९८, त्यात स्मृतीच्या ४५. जेवणं टीव्हीसमोरच. मोबाईल बंद करून फ्रिजवर ठेवले. खिडक्या लावून घेतल्या, पंखा पाचवर. नोव्हेंबरात पंखा पाचवर, शाल पांघरून. एवढी तयारी मी कुठल्याही मॅचसाठी केलेली नव्हती.

आफ्रिकेची लॉरा वुलव्हार्ट शतक करून उभी, बॉलिंगला दीप्ती. आमच्या टीव्हीवर दीप्ती अजून फील्ड लावतेय. खालून, बंद खिडकीतून, अण्णा: "गेली!" मग लगेच "अरे... अरे अरे... अरे!" मग क्षणभर काही नाही. मग "हाऽऽ!" आणि पाठोपाठ शेजारच्या इमारतीतून शिट्ट्या.

बायको शांतपणे म्हणाली, "आता कॅच उडणार, सुटणार, परत सुटणार, आणि मग घेणार."

अर्ध्या मिनिटाने अमनजोतच्या हातातून बॉल एकदा उडाला, दुसऱ्यांदा उडाला आणि पडता पडता तिने तिसऱ्या वेळी एका हातात धरला. वर्ल्ड कप फायनलमधला सगळ्यांत मोठा झेल, आणि आमच्या घरात तो गृहपाठ तपासल्यासारखा बघितला गेला. बायकोचं सगळं बरोबर आलं.

शेवटचं याहून वाईट. बाराच्या सुमारास बाहेर फटाक्यांची माळ लागली. आमच्याकडे नदीन डी क्लर्क अजून स्ट्राइकवर, चेहऱ्यावर सगळी जिद्द घेऊन. तिला बिचारीला माहीत नव्हतं, आम्हाला होतं. हरमनप्रीत उलटी पळत जाऊन झेल घेते तो क्षण पुढची पन्नास वर्षं दाखवतील. आम्ही तो फटाक्यांच्या धुरात, निकाल माहीत असताना बघितला. ५२ धावांनी जिंकलो. अमोल मुजुमदार, ज्याला रणजी ट्रॉफीत डोंगराएवढ्या धावा करून भारताची टोपी कधी मिळाली नाही, तो कोच म्हणून मैदानात उतरला. मुलगी रडत होती. मी ॲपच्या कस्टमर केअरला फोन लावत होतो.

"चित्र अडकतंय का सर?" नाही. "आवाज येत नाही का?" येतो. "ॲप बंद पडतंय?" नाही हो. "मग तक्रार काय आहे सर?"

"खालच्या अण्णांना आधी कळतं."

पलीकडे बराच वेळ कीबोर्डचा आवाज. त्यांच्या यादीत असा पर्याय नसणार. 'व्हिडिओ सुरू होत नाही' या सदरात नोंद केली, असं मला सांगण्यात आलं. मंगळवारी ती सुटली.

अपडेट: वरचं सगळं नोव्हेंबरात लिहून ठेवलं होतं. मग ३ डिसेंबरला रायपूरची वनडे झाली. गावाकडून, तासगाव तालुक्यातून, भावाचा फोन. "दादा, ऋतुराजचं शतक झालं बघ!" आमच्याकडे ऋतुराज अजून नव्वदीत. भाऊ द्राक्षबागेतल्या खोलीत बसलेला, पत्र्यावर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री, खाली जुना डबा टीव्ही. महिन्याचं बिल शून्य. छत्री आणि बॉक्सचे एकदाच दिलेले पैसे, तेही माझ्या दोन महिन्यांच्या ब्रॉडबँडहून फार जास्त नाहीत. आणि हा पठ्ठ्या माझ्या पुढे! मॅच आपण हरलो, आफ्रिकेने ३५९ चं टार्गेट गाठलं, तेही मला त्यानेच आधी सांगितलं.

हे फुकट कसं, तर कायद्यामुळे. १९९३ मध्ये इंग्लंडचा दौरा झाला तेव्हा क्रिकेट बोर्डाने पहिल्यांदा प्रक्षेपणाचे हक्क खासगी कंपनीला विकले. त्याच वर्षीच्या हिरो कपावरून दूरदर्शनशी भांडण कोर्टात गेलं, आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या, सरकारच्याही नाहीत आणि बोर्डाच्याही नाहीत. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या मॅचचा सिग्नल दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला देणं हक्कवाल्यांना बंधनकारक झालं. भारताच्या पुरुष संघाच्या वनडे आणि टी-ट्वेंटी त्यात येतात. पण ते दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून आणि फ्री डिशवरूनच दाखवायचं, खासगी केबल आणि डिशवाल्यांना तो फुकटचा सिग्नल वापरता येणार नाही, असं २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं. पैसे भरणाऱ्याच्या डिशवर डीडी स्पोर्ट्सला मॅच का लागत नाही, याचं उत्तर हे. आयपीएल या कायद्यात येत नाही. तेवढ्यापुरतं अण्णांकडे जाता येईल. ते म्हणालेतच, "या की खाली, चहा ठेवतो." त्यांच्या टीव्हीवर हिरवळ निळी दिसते आणि बॉलला शेपूट येतं, पण शेवटच्या पाच ओव्हर्स मी आता तिथेच बघतो.

तर तारे. टेस्ट मॅच सवडीने बघणाऱ्याला पाचपैकी पाच. शेजारी क्रिकेट बघणारं कुणीच नसेल, बंगला असेल, तरी साडेचार. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि खाली अण्णा असतील तर दोन. माझे एकूण अडीच, अर्धा जीएसटीचा कापून दोन. मार्चमध्ये वर्षाची वर्गणी पुन्हा भरणार नाही, टेस्ट असेल तेव्हा थोड्या मुदतीची घेईन. त्यात वर्षाकाठी पैसे वाचतात, हिशोब करून ठेवलाय.

फ्री डिश घ्यायचं पक्कं आहे, अडचण फक्त जागेची. छत्रीचं तोंड आग्नेयेला लागतं आणि आमची बाल्कनी पश्चिमेला, म्हणजे गच्चीशिवाय इलाज नाही. सेक्रेटरींकडे अर्ज दिला. ते म्हणतात, गच्चीचं वॉटरप्रूफिंग नुकतंच झालंय, नवीन खिळा मारायचा नाही, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसते का बघा. टाकीवर बसवली तर वायर चार मजले खाली आणावी लागेल. एवढ्या लांब वायरने सिग्नल पडतो का, हे कुणी करून बघितलं असेल तर कळवा. वायर मीटरवर मिळते, उगाच जास्त घ्यायला नको.